कुत्रा पाळल्यामुळे माणसांशी मैत्री होते का? तुमचे अनुभव सांगा

रानवारा

मोठं झाल्यावर, त्यात परक्या शहरात, नवीन मित्र कसे करायचे हा विषय इथे अधूनमधून निघतोच आणि उत्तरंही ठरलेली असतात, जिम लावा, ट्रेकिंगच्या ग्रुपमधे जा, सोसायटीच्या गणपतीत कामाला लागा. सगळं बरोबर आहे, पण मला ज्याच्यामुळे खरंच माणसं मिळाली तो म्हणजे कुत्रा, आणि त्यावर इथे कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हा धागा काढतेय.

मी मूळची नांदेडची, नोकरीसाठी पुण्यात आले, पाषाणला राहते. सोसायटी मोठी, लोक चांगलेच, पण लिफ्टमधे भेटले की मान हलवायची आणि आपापल्या मजल्यावर उतरायचं इतकाच संबंध. मग बुंदी आली. देशी आहे, तपकिरी रंग, एक कान उभा आणि एक पडका. ती आल्यावर महिनाभरात मला खालची निम्मी माणसं ओळखायला लागली.

हे का होतं याचा मी बराच विचार केलाय. एक म्हणजे वेळ. क्लासला दांडी मारता येते, कुत्र्याला दांडी नसते, पाऊस असो की आदल्या रात्री जागरण झालेलं असो, सकाळी सव्वासहाला खाली जावंच लागतं. आणि ज्यांच्याकडे कुत्रा आहे ते सगळेच त्याच वेळेला खाली येतात, त्यामुळे तेच चेहरे रोज दिसतात. ठरवून कुणाला रोज भेटायचं म्हटलं तर जमणार आहे का?

दुसरं म्हणजे आधी कुत्री थांबतात, मग माणसांना थांबावं लागतं. दोन कुत्री एकमेकांभोवती वास घेत फिरतात, पट्ट्यांचा पीळ पडतो, मग आपण हातातलं टोक समोरच्याच्या हाताखालून काढतो, "थांबा थांबा, मी इकडून येते" म्हणतो, समोरचा म्हणतो "नाही तुम्ही उभ्या राहा, मीच फिरतो", आणि पीळ सुटेपर्यंत दोन वाक्यं बोलून झालेली असतात. अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची हा जो सगळ्यात अवघड भाग असतो तो आपल्याला करावाच लागत नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, विषय आपण नसतो. किती वर्षांची आहे, कुठून आणली, गोचीड झाले का, काय लावता, दहीभात खाते का. लग्न झालं का, पॅकेज किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, हे कुणीच विचारत नाही. तिशी ओलांडलेल्या एकट्या राहणाऱ्या बाईला याने किती मोकळं वाटतं हे ज्या राहतात त्यांना कळेल.

पण इथपर्यंत झाली ती ओळख. माझ्या फोनमधे अजूनही "कोको आई", "शेरू काका" अशी नावं सेव्ह आहेत. मैत्री कधी झाली तर मला अचानक नांदेडला जावं लागलं आणि शेजारच्या विंगमधल्या काकूंनी बुंदीला दोन दिवस ठेवून घेतलं तेव्हा. घराची किल्ली दिली, तिचं खाणं कुठे आहे ते दाखवलं, रात्री फोनवर "जेवली का" "नाही हो, दारात बसून राहिलीय, आता जवळ घेऊन बसते" असं बोलणं झालं. परत आले त्यानंतर त्या काकू माझ्यासाठी सोसायटीतल्या काकू राहिल्या नाहीत. एकमेकांवर काहीतरी सोपवलं की मैत्री होते असं माझं मत झालंय, आणि कुत्रा असला की सोपवायची वेळ येतेच.

तुमचं काय? चांगले वाईट सगळे अनुभव लिहा.

पहाटपक्षी

अगदी मनातलं लिहिलंस. सोपवण्याच्या मुद्द्यावरून माझा अनुभव सांगते, जरा लांबेल.

आमच्या लॅब्रेडॉरला गेल्या पावसाळ्यात टिक फीवर झाला. गोचिडांमुळे होतो तोच. आधी नुसता मलूल होता, मग खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं खाली की वेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, म्हणाले आजच्या आज रक्त द्यायला लागेल, डोनर कुत्रा शोधा. मला तोवर माहीतच नव्हतं की कुत्र्यांमधेही रक्तगट असतात, डोनर साधारण पंचवीस किलोच्या वरचा, तरुण, तब्येतीने ठणठणीत आणि सगळ्या लसी झालेला लागतो. कुठून आणायचा? रोज टेकडीवर भेटणाऱ्या लोकांचा एक ग्रुप होता, त्यात गुड मॉर्निंगचे फोटो आणि हरवलेल्या बॉलच्या चौकशा यापलीकडे काही नसायचं. त्यात मेसेज टाकला. अर्ध्या तासात चार जणांचे फोन. एक आयटीवाला मुलगा ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून त्याचा जर्मन शेफर्ड घेऊन आला. त्या मुलाचं नाव मला त्या दिवशी क्लिनिकच्या फॉर्मवर कळलं, तोपर्यंत तो फक्त "रॉकीवाला" होता.

क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ती तपासणी, झालं, रॉकीला टेबलावर आडवं केलं, मानेजवळचे केस काढले, आणि तो मुलगा त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन सगळा वेळ काहीतरी पुटपुटत बसला होता. आमचा वाचला. तो मुलगा आता आमच्या घरातलाच झालाय, दिवाळीचा फराळ त्याच्या रूमवर जातो, त्याच्या आईवडिलांना पुणे दाखवायला माझे मिस्टर गेले होते. हे फक्त टेकडीवरच्या त्या रोजच्या दहा मिनिटांमुळे झालं.

कॅक्टस

छान धागा. यावर अभ्यासही झालेत, मला ते वाचायला आवडतात म्हणून थोडं लिहितो.

ब्रिटनमधे वॉरिक युनिव्हर्सिटीच्या मॅकनिकोलस आणि कॉलिस यांनी २००० साली एक अभ्यास छापला. रोजच्या कामाला जाताना बरोबर कुत्रा असला आणि नसला तर किती लोक बोलतात हे मोजलं. यातली मेख अशी की कुत्रा मुद्दाम असा घेतला होता की जो स्वतःहून कुणाच्या अंगावर जाणार नाही, लक्ष वेधणार नाही, तसं शिकवलेलंच होतं त्याला. तरी बोलणाऱ्यांची संख्या खूप वाढली, आणि ती वाढली मुख्यतः अनोळखी लोकांमधे. मग त्यांनी कपडे बदलून पाहिले, एकदा नीटनेटके, एकदा गबाळे. गबाळ्या कपड्यातही कुत्रा बरोबर असेल तर लोक बोलले. कपड्यांनी फरक पडला पण कुत्रा असण्यानसण्याने जितका पडला तितका नाही.

दुसरा बेलफास्टचा, डेबोरा वेल्स यांचा, २००४ चा. एक बाई रस्त्यावर वेगवेगळ्या गोष्टी घेऊन, लॅब्रेडॉरचं पिल्लू, मोठा लॅब्रेडॉर, रॉटवायलर, टेडी बेअर, कुंडीतलं झाड, आणि एकदा काहीच नाही. १८०० लोकांची नोंद केली. लॅब असताना लोक हसले, बोलले. रॉटवायलर असताना पुष्कळ जणांनी दुर्लक्ष करून पुढे जाणं पसंत केलं. टेडी आणि झाडाकडे लोकांनी टक लावून बघितलं पण बोललं फारसं कुणी नाही. म्हणजे हातात काहीतरी वेगळं असलं की लोक बोलतात असं नाही, ते जिवंत असावं लागतं आणि त्याची भीती वाटता कामा नये.

आणि रानवारा म्हणतेय तो किल्लीचा मुद्दा २०१५ च्या अभ्यासात सापडतो. ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली सॅन डिएगो, पोर्टलंड, नॅशव्हिल अशी चार शहरं. पाळीव प्राणी असलेल्यांची आसपासच्या लोकांशी ओळख होण्याची शक्यता जास्त निघाली. आणि प्राण्यामुळे ओळख झालेल्यांकडून काही ना काही आधार मिळाला, म्हणजे मदत, सल्ला, मन मोकळं करायला कुणीतरी, असं सांगणारे साधारण ४० टक्के होते.

परळकर

वा. आमच्याकडे परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, जुने लोक अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, एकोणिसाव्या शतकापासूनचं. तिथे ओपीडीच्या रांगेत ज्या ओळखी होतात त्या मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. एका बाकावर मलबार हिलची बाई पग घेऊन, शेजारी नायगावचा पोरगा मांज्यात अडकलेलं कबूतर खोक्यात घेऊन, पलीकडे टॅक्सीवाले चाचा शेपटीला जखम झालेला गल्लीतला कुत्रा घेऊन. नंबर यायला वेळ लागतो, प्रत्येकजण घाबरलेला असतो, त्यामुळे लगेच बोलतात. आमच्या म्हाताऱ्या मोतीला रोज सलाईनला न्यायचो तेव्हा जे एक पारशी गृहस्थ भेटले ते आजतागायत संपर्कात आहेत, नवरोजला न चुकता बोलावतात.

पारशी लोकांचं कुत्र्यांवरचं प्रेम मुंबईला नवीन नाही म्हणा. १८३२ च्या जूनमधे इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, शिपाई बक्षिसापायी घरात शिरून कुत्री ओढायला लागले तेव्हा फोर्टमधे पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, त्यांच्या बरोबरीने इतर समाजाचे लोकही उतरले असं इतिहासात नोंदलेलं आहे. कुत्र्यावरून अनोळखी माणसं एकत्र येण्याचं मुंबईतलं इतकं जुनं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

साधा_माणूस

सगळे गोड अनुभव वाचले. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग नसावा.

माझ्या मुलीला लहानपणी कुत्रा चावला. इंजेक्शनं झाली, बरी झाली, पण ती आज दहा वर्षांची आहे आणि लिफ्टमधे कुत्रा असेल तर जिन्याने जाते, सातव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत कुत्रेवाल्यांचा आपापसात फार छान ग्रुप आहे, वाढदिवस करतात, केक कापतात. पण त्यांचं बाकीच्यांशी नातं पार बिघडलंय. "काही करत नाही हो तो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पार्किंगमधे शी पडलेली असते, मीटिंगमधे त्यावरून भांडणं होतात, दोन कुटुंबं जी आधी एकमेकांकडे जेवायला जायची ती आता बोलत नाहीत. कुत्र्यामुळे मैत्री होते तशी मोडतेही, हे पण लिहा.

रानवारा

@साधा_माणूस दादा, राग कसला, बरं केलंत लिहिलंत. मुलीचं वाचून वाईट वाटलं.

"काही करत नाही" हे वाक्य मलाही अजिबात आवडत नाही. समोरच्याला भीती वाटतेय हे दिसत असताना आपला कुत्रा किती गुणी आहे हे सांगून काय होणार? मी लिफ्ट उघडली की आधी विचारते, "येऊ का, की तुम्ही पुढे जाता?" लहान मूल असेल तर विचारतही नाही, पुढची लिफ्ट घेते. पट्टा आखूड धरून बुंदीला कोपऱ्यात भिंत आणि माझे पाय यांच्यामधे बसवते, म्हणजे तिचं तोंड लोकांकडे येत नाही. शीसाठी पिशवी खिशात असतेच, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडाही चालतो.

कायद्याचं म्हणाल तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट वापरायलाही नाही. पण कागद दाखवून लिफ्ट मिळते, शेजार मिळत नाही. ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांच्याशीही आपले संबंध चांगले राहिले पाहिजेत, उलट तिथेच जास्त काळजी घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

साधा_माणूस

असं विचारणारे सगळे असते तर प्रश्नच नव्हता. लिफ्टचं पटलं. शीचं मात्र आमच्याकडे अजून कुणी उचलत नाही, त्यावर काय करायचं ते सांगा कुणीतरी.

डोंगरवाट

@साधा_माणूस आमच्याकडे कुत्रेवाल्यांनीच पुढाकार घेतला. तक्रार सोसायटीने केली की लोक भडकतात, तेच सांगणारा स्वतः कुत्रेवाला असला की ऐकतात. गेटजवळ पिशव्यांचा डबा लावला, झाकणाची वेगळी बादली ठेवली, पैसे आमच्यातच गोळा केले. तुमच्या सोसायटीतल्या त्या ग्रुपमधे एखादा समंजस माणूस असेल त्याला एकट्याला गाठून बोला, मीटिंगमधे नको.

मूळ विषयावर, आमची मैत्री फटाक्यांनी झाली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या बिल्डिंगमधली तीनही कुत्री पहिल्या मजल्यावरच्या एका घरात आतल्या खोलीत एकत्र असतात, त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी नाही. पडदे ओढून घेतो, कूलर आणि टीव्ही दोन्ही मोठ्याने लावतो, जमिनीवर गाद्या. मोठा बार झाला की आमची बीगल पलंगाखाली जाते, मग कुणीतरी पालथं पडून तिच्या पाठीवर हात ठेवतं. सात ते अकरा दार उघडत नाही. पूजा उरकून सगळे चिवडा चकली घेऊन तिथेच येतात. पहिल्या वर्षी कुत्र्यांसाठी जमलो होतो, आता दिवाळी म्हटलं की मुलांना तीच खोली आठवते. चार तास एका खोलीत माणसं बसली की काय काय बोलतात! कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या वडिलांच्या आजारपणाचं, सगळं तिथेच निघालं.

स्प्रेकाठी

डोंगरवाट, इथे बर्लिनमधे ३१ डिसेंबरच्या रात्री अगदी हेच! फटाके इतके की आमची लिली बाथरूममधे टबात जाऊन बसते आणि खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांचा डॅकेल जातीचा कुत्रा घेऊन आमच्याकडे येतात.

इथे आल्यावर पहिली दोन थंडीची वर्षं फार एकटी गेली. शेजारी सभ्य, जिन्यात "हालो" म्हणणार आणि दार बंद. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात, छान होतात, पण ती माणसं शहराच्या चार टोकांना राहतात, रोज दिसत नाहीत. मग आम्ही टीअरहाइममधून, म्हणजे इथला प्राण्यांचा आसरा, लिलीला आणलं. कुत्र्यासाठी इथे कर भरावा लागतो, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो.

इथली एक रीत मला फार आवडली. पट्ट्यावर असलेली कुत्री सहसा एकदम भिडवत नाहीत, आधी लांबूनच विचारतात की तुमची कुत्री आहे की कुत्रा, जवळ येऊ दे का. म्हणजे बोलणं सुरू होतं तेच परवानगी मागून. आणि भाषेचा मोठा फायदा झाला. माझं जर्मन तेव्हा तोडकंमोडकं होतं, ऑफिसचं सगळं इंग्रजीत. पण कुत्रेवाल्यांची वाक्यं रोज तीच, वय किती, कुठून आणली, खेळकर आहे का, आज ऊन बरंय. रोज तीच वाक्यं दहा माणसांशी बोलून माझी भीड चेपली. ग्रुनेवाल्डच्या तळ्याकाठी जंगलाचा एक भाग कुत्र्यांना मोकळं सोडायला राखून ठेवलाय, तिथे रविवारी तास दीड तास चालताना गप्पा हवामानावरून कधी घरादारावर आल्या कळलंच नाही. खालच्या आजी आता आमच्याकडे थालीपीठ खायला येतात, आणि माझी आई इथे आली होती तेव्हा दोघी एकमेकींची भाषा येत नसताना लिलीला मधे बसवून तासभर बोलत होत्या.

लातूरचा_गडी

आमच्या खेड्यात फिरवायला नेणे वगैरे प्रकार नाही, कुत्रं मोकळंच असतं, गाव त्याला ओळखतं आणि ते गावाला. त्यामुळं शहरातल्यासारख्या ओळखी होत नाहीत, ओळखी आधीच असतात. पण कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड जातीची कुत्री पाळणाऱ्यांचं वेगळं आहे. लांब तोंड, बारीक कंबर, पळायला वारा. कुठल्या गावात चांगल्या जातीची कुत्री व्यालीय ही बातमी तालुके ओलांडून येते. माझ्या चुलत्यानं मुधोळवरून पिल्लू आणलं होतं, ते बागलकोट जिल्ह्यात, तिथं घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं आणि मालोजीराजे घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली पोस्टानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड पण होता. ज्याच्याकडून पिल्लू आणलं तो कानडी, आमचा चुलता मराठी, पण पिल्लू कसं वाढतंय बघायला तो माणूस पुढं उन्हाळ्यात आमच्या शेतावर येऊन राहून गेला. लग्नाला पण आला. आता दोघांची पोरं एकमेकांना फोन करतात.

एक सांगतो, खेड्यात कुत्र्याला लस टोचायचं अजून लोक मनावर घेत नाहीत. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. विषय सोडून आहे पण राहवलं नाही.

नेत्रा_ठाणे

विषय सोडून मुळीच नाही, असं प्रत्येक धाग्यावर लिहायला हवं.

मला एक मुद्दा मांडायचाय. पाळलेल्या कुत्र्यामुळे जे मित्र मिळतात ते बहुतेक आपल्यासारखेच असतात, आपल्याच सोसायटीतले, आपल्याच उत्पन्नाचे. रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे जी माणसं मिळतात ती वेगळी. आमच्या इथे नसबंदीचं काम करणारा जो आमचा छोटा गट आहे त्यात मी शाळेत शिक्षिका, एक वडापावच्या गाडीवाले दादा, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त बँकवाले, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या सोसायटीचे वॉचमन काका. कुठलं कुत्रं रात्री कुठल्या गाडीखाली झोपतं हे फक्त त्यांना माहीत असतं. पहाटे गाडी येते, त्याआधी कुत्र्यांना हळूहळू एका जागी आणायचं, बिस्कीट दाखवून पकडायचं, ऑपरेशन झालं की कानाला खूण करतात ती पाहून वहीत नोंद करायची, आणि त्याच जागी परत सोडायचं, कारण दुसरीकडे सोडलं तर तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. या कामात माणसाचा खरा स्वभाव कळतो. वडापाववाल्या दादांची मुलगी दहावीला होती तेव्हा गणिताला माझ्याकडे यायची, बँकवाले काका पडले तेव्हा हॉस्पिटलमधे रात्री वॉचमन काका थांबले.

खायला घालणाऱ्यांवरून भांडणं होतात हे मान्य. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांमधे आहे की खायला घालायची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची, मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब. आम्ही ते तंतोतंत पाळतो, खाल्लेल्या जागा झाडून घेतो, आणि त्यामुळेच जे विरोधात होते त्यातले दोघं आता नसबंदीच्या गाडीच्या दिवशी स्वतः खाली येतात.

अप्पा_सांगली

सर्वांचे लेखन वाचले. मी ६७ वर्षांचा, सांगलीस असतो. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा बंगलोरला, तो म्हणतो बाबा कुत्रा घ्या, सोबत होईल, चार माणसं भेटतील. माझ्या लहानपणी घरी कुत्रा होता, आवड आहे. परंतु आता या वयात घ्यावा का? गुडघे जरा दुखतात. आपल्या मागे त्याचे काय हाही विचार येतो.

पहाटपक्षी

अप्पा, नमस्कार. काकूंचं वाचून वाईट वाटलं.

मुलाचं प्रेम समजतं पण पिल्लू घेऊ नका असं मी म्हणेन. पिल्लू पहिलं वर्ष रात्री उठवतं, चावतं, ओढतं. कुत्रा बारा चौदा वर्षं जगतो. लॅब वगैरे तर नकोच, दिसायला गरीब पण ओढायला लागला की तरुण माणूस तोल जाऊन पडतो. घ्यायचाच तर सहा सात वर्षांचा, शांत, मध्यम आकाराचा देशी. वय झालेल्या कुत्र्यांना घर मिळत नाही आणि त्यांना लागतं काय तर दोन वेळा हळूहळू चालणं आणि जवळ बसणारं माणूस. आणि आधी मुलाकडून कबूल करून घ्या की गरज पडली तर तो नेईल.

नेत्रा_ठाणे

अप्पा, पहाटपक्षींशी सहमत. आणखी एक मार्ग आहे, फॉस्टर. ऑपरेशन झालेलं किंवा घर शोधणं चालू असलेलं कुत्रं काही आठवडे सांभाळायचं. खर्च आणि औषधपाणी बहुतेक वेळा कुत्रं सोपवणारी मंडळीच करतात. तुमचा अंदाजही येईल.

रानवारा

अप्पा, मी अजून एक सुचवते. कुत्रा न घेताही हे सगळं मिळू शकतं. तुमच्या गल्लीत नोकरी करणारं एखादं जोडपं नक्की असेल ज्यांचा कुत्रा दिवसभर घरात एकटा असतो. त्यांना विचारा, मी संध्याकाळी अर्धा तास नेऊ का? आमच्याकडे एक निवृत्त सर असं करतात, स्वतःचा कुत्रा नाही, पण सगळ्यांत जास्त माणसं त्यांच्याच ओळखीची आहेत. त्या जोडप्याचं त्यांच्यावाचून पान हलत नाही, किल्ली त्यांच्याकडेच असते.

अप्पा_सांगली

हे आवडले. समोरच्या घरी एक ब्राउनी नावाची कुत्री आहे, नवराबायको दोघे दवाखान्यात कामाला जातात, ती गेटला तोंड लावून बसलेली असते. मी रोज तिच्याशी बोलतोच. उद्या रविवार आहे, दोघे घरी असतील, जाऊन विचारतो. नेण्यापूर्वी काय काय माहिती करून घ्यावी?

रानवारा

खूप छान अप्पा! विचारून घ्या ते असं. रेबीजची लस कधी झाली. दुसरी कुत्री, मांजर, सायकल, मोटरसायकल दिसली की ओढते का. पट्टा गळ्यातला आहे की छातीवरचा, छातीवरचा असेल तर बरं, गळ्याला ताण बसत नाही. बाहेर काही उचलून खाते का, आणि कशाची अॅलर्जी आहे का. त्यांच्या वेटचं नाव आणि नंबर कागदावर लिहून घ्या.

पहिले काही दिवस त्यांच्यापैकी एकजण बरोबर येऊ दे, तुम्ही नुसतं शेजारून चाला, मग पट्टा तुमच्या हातात. पट्टा मनगटाला गुंडाळू नका, एकदम ओढलं तर हात दुखावतो, फास हातात घेऊन मुठीत धरा. समोरून दुसरा कुत्रा आला तर सरळ तोंडासमोर न नेता थोडं वळून बाजूने न्या. उन्हाळ्यात पाच वाजता सांगलीचा रस्ता तापलेला असतो, हाताची पालथी बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर तिच्या पायालाही सोसणार नाही, मग साडेसहा नंतरच निघा. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट यातलं काही कधी देऊ नका, तुमच्या भागात द्राक्षं घरोघरी असतात म्हणून मुद्दाम सांगते, कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ती घातक असतात.

आणि ब्राउनी काय म्हणाली ते इथे येऊन नक्की लिहा.